१९ फोल्डी आणि एक लिफ्ट: आमच्या वनाज-रामवाडी राइडचं पोस्टमॉर्टेम

आधी आकडे सांगतो म्हणजे पुढची रडकथा नीट कळेल. पुण्यात आम्हा १९ घडीच्या सायकलवाल्यांना रविवारी सकाळी साडेसहाला जमायचं होतं, साडेआठला पोहे खायचे होते, आणि पोहे प्रत्यक्षात मिळाले ९ वाजून ४० मिनिटांनी, तेही ज्यांच्या घरचे होते त्या काकूंनी तिसऱ्यांदा गरम केलेले. मधली १९० मिनिटं आम्ही नक्की करत काय होतो हे मी नंतर घरी बसून ग्रुपवर आलेल्या फोटोंच्या वेळा बघून बघून काढलं (बायको म्हणाली, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर), आणि हिशोब असा निघाला की सायकल चालवली ४४ मिनिटं, मेट्रोत बसलो ३५ मिनिटं आणि उरलेली १११ मिनिटं आम्ही नुसते उभे होतो. सायकल राइडला जाऊन जवळजवळ दोन तास उभं राहायचं म्हणजे पासपोर्टची लाइन बरी, तिथे निदान बसायला खुर्च्या असतात.

तर राइड पुण्यातली. फक्त फोल्डिंग सायकलवाल्यांची, म्हणजे आम्ही आपापसात फोल्डी म्हणतो ती घडीची सायकल. ग्रुप काही फार मोठा नाही, ओळखीतून ओळख असा वाढलेला, आयटीवाले, दोन डॉक्टर, एक निवृत्त बँकवाले काका, कोथरूडच्या एक काकू ज्या रोज भाजीला फोल्डी घेऊन जातात, आणि ठाण्याचा एकजण जो आदल्या रात्री ट्रेनमध्ये सायकल पायाशी ठेवून आला होता आणि हे त्याने सगळ्यांना किमान दोनदा सांगितलं. आयोजक मी. म्हणजे जे काय चुकलं त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा, हे आधीच कबूल करून टाकतो.

कल्पना सोपी होती. संभाजी उद्यानापाशी जमायचं, तिथून कर्वे रोड आणि पौड रोडने वनाजपर्यंत सायकलने, वनाजला घडी घालून मेट्रोत, मेट्रोने थेट दुसऱ्या टोकाला रामवाडीला, तिथे घडी उघडून कल्याणीनगरला एका मेंबरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोहे, चहा, गप्पा, एकमेकांच्या सायकली चालवून बघणं, आणि ज्यांना हवं त्यांनी नऊला आगाखान पॅलेस. वनाज ते रामवाडी ही लाइन २०२४ च्या मार्चपासून टोकापर्यंत चालू आहे, शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेला, आणि नदीवरून जाताना खिडकीतून जे दिसतं ते पुण्यात राहूनही कित्येकांनी बघितलेलं नाही. मला वाटलं होतं घडीच्या सायकलीचा खरा उपयोग काय ते दाखवणारी याहून चांगली राइड असूच शकत नाही.

आता कोणीही शहाणा माणूस विचारेल की पुणे मेट्रोत तर अख्खी सायकलसुद्धा नेता येते, मग घडी कशाला? बरोबर आहे. एकटा असशील तर ने ना अख्खी. पण आपल्या मेट्रोची गाडी तीन डब्यांची असते आणि त्यात १९ उघड्या सायकली घुसवल्या तर बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं, ते काय आपल्या हौसेसाठी तिकीट काढून आलेत का. म्हणून नियम आम्हीच आमच्यावर लावला होता की स्टेशनच्या दारातच घडी घालायची. तो नियम अजूनही मला बरोबर वाटतो. चूक वेगळीच होती.

चुकीकडे येण्याआधी सायकलींबद्दल थोडं, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १९ मधल्या पाच ब्रॉम्प्टन किंवा त्याच पद्धतीच्या तीन घड्यांच्या, १६ इंची चाकाच्या, आणि बाकी बहुतेक २० इंची, मधून दुमडणाऱ्या, डाहॉनच्या पठडीतल्या. ब्रॉम्प्टन म्हणजे अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने १९७५ च्या सुमारास लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बनवायला घेतलेली सायकल, खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं म्हणून नाव तेच. डाहॉन डेव्हिड हॉनची, हा माणूस मूळचा लेझरवर काम करणारा फिजिक्सवाला, १९८२ ला कंपनी काढली, आणि पुढे २०११ मध्ये बायको आणि मुलगा वेगळे झाले आणि त्यांनी टर्न नावाची दुसरी कंपनी काढली, म्हणजे भाऊबंदकी सायकलीतही आहेच. मुद्दा हा की ब्रॉम्प्टनवाला मागचं चाक खाली घेतो, पुढचं बाजूला वळवतो, हँडल पाडतो, सीट दाबतो आणि वीस-पंचवीस सेकंदात हातात साधारण ५८ बाय ५६ बाय २७ सेंटिमीटरचं गाठोडं असतं, चेन आतल्या बाजूला, पँटला ग्रीस नाही. वीस इंचीवाल्यांचं गाठोडं बरंच मोठं होतं, वजन १२ ते १४ किलो, दोन चाकं एकमेकांना चिकटून राहायला लोहचुंबक असतं ते अर्ध्या सायकलींचं पडून गेलेलं, त्यामुळे उचललं की गाठोडं मधूनच उघडायला लागतं आणि पेडल नडगीवर. आणि चेन बाहेर. दोन्हीला आपण फोल्डिंगच म्हणतो पण स्टेशनवर ही दोन वेगळी जनावरं आहेत. बंगळूरला २०२० मध्ये मेट्रोने घडीच्या सायकलींना परवानगी दिली तेव्हा मर्यादा घातली होती १५ किलो आणि ६० बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर, आता टेप घेऊन बघा, लहान घडीसाठी जगभर नाव झालेली ब्रॉम्प्टनसुद्धा त्या मापात काटेकोरपणे बसत नाही.

बरं. रविवार. साडेसहाला मी, बँकवाले काका आणि ठाण्याचा, असे तिघं. पावणेसातला अकरा. शेवटचा माणूस ६:५४ ला आला आणि आल्या आल्या म्हणाला हवा भरायचीय. पुण्यात हे धरूनच चालायला पाहिजे, मी धरलं नव्हतं.

जंगली महाराज रस्त्यावर लहान चाकांची सायकल चालवणं हे सुख आहे, हा तोच रस्ता जो १९७६ ला रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन करून दिला आणि मग कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही म्हणून पुणेकर अजून उदाहरण देतात. १६ इंची चाकाला खड्डा म्हणजे काय असतं हे मोठ्या चाकाच्या सायकलवाल्याला कळणार नाही, तुमचं चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जातं त्यात आमचं उतरतं. डेक्कनला वळलो आणि कर्वे रोडवर चेंबरची झाकणं चुकवत चुकवत, डोक्यावर मेट्रो, नळस्टॉपच्या दुमजली पुलाखालून, पौड फाटा, आणि पौड रोडचा तो न दिसणारा पण मांडीला जाणवणारा चढ. लोक विचारतात एवढ्याशा चाकाने किती पेडल मारावी लागत असतील, तर तसं नसतं हो, पुढचं दातेरी चक्र मोठं असतं, एका पेडलमध्ये साध्या सायकलीएवढंच अंतर जातं. सगळे मिळून ३२ मिनिटांत वनाजला. उशिरा निघूनही मला वाटलं आपण वेळ भरून काढू.

७ वाजून २७ मिनिटं. इथून पुढची ४३ मिनिटं मी बरीच वर्षं विसरणार नाही.

स्टेशनच्या खाली फुटपाथवर १९ माणसं एकाच वेळी घडी घालायला लागली. ब्रॉम्प्टनवाले पाच जण अर्ध्या मिनिटात तयार होऊन एकमेकांचे फोटो काढायला लागले. बाकीच्यांतल्या चौघांनी, हे ऐका, चौघांनी सायकल घेतल्यापासून एकदाही घडी घातली नव्हती. एकाची सीटची कडी गंजून बसलेली, एक ताई मॅन्युअल फोनवर शोधत होत्या, एकाने आधी सीट खाली न घेता मधून दुमडली आणि मग ती ना धड उघडेना ना मिटेना. घडीची सायकल घेतात सगळे, घडी घालतात थोडे, हे मला त्या फुटपाथवर कळलं. मी स्वतः एका काकांचं पेडल दुमडायला गेलो आणि बोट चिमटलं.

मग लिफ्ट. स्टेशन वर आहे, म्हणजे रस्त्यावरून तिकिटाचा मजला आणि तिथून प्लॅटफॉर्म, दोन टप्पे. लिफ्टमध्ये घडी केलेल्या चार सायकली आणि चार माणसं जातात, पाचवा घुसला की दार लागत नाही, आम्ही ते तीन वेळा करून बघितलं. १९ भागिले ४ म्हणजे पाच खेपा, दोन टप्पे म्हणजे दहा. त्यात ती लिफ्ट काही आमची खासगी नाही, एक आजी गुडघा धरून उभ्या होत्या, त्यांना पाहून आम्ही सगळे बाजूला झालो आणि त्या अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या, एवढं सामान आहे, कुठे गावाला चाललाय?" इतकी लाज मला ऑफिसच्या अप्रेझललाही वाटली नव्हती. सिक्युरिटीवाल्यांनी एकेक सायकल नीट बघून सोडली, त्यांचं कामच आहे ते, एकदम १९ गाठोडी समोर आल्यावर दुसरं काय करणार. सरकत्या जिन्यावर १३ किलोचं मधून उघडणारं गाठोडं नेऊ नका असं मीच सांगितलं होतं, आणि जिन्याने चढवायची ताकद असलेले फक्त ते पाच फोटोवाले.

परिणाम असा की आम्ही तीन वेगवेगळ्या गाड्यांनी गेलो. पहिले पाच केव्हाच, मधले आठ, शेवटचे सहा, शेवटची गाडी ८:१० ला सुटली. ग्रुप राइड तिथे संपली होती खरं तर, पुढे चालू होतं ते तीन टोळ्यांचं एकाच दिशेने जाणं.

गाडीतला भाग मात्र छान झाला, हे लिहायलाच पाहिजे. रविवारची सकाळ, गर्दी बेताची, सायकली गुडघ्यांत धरून बसलो, समोरच्या कुटुंबातल्या पोराने विचारलं ही सायकल आहे का, मग त्याच्या बाबांनी विचारलं केवढ्याला, किंमत ऐकून म्हणाले एवढ्यात स्कूटर येते, मग बँकवाल्या काकांनी नेहमीचं भाषण सुरू केलं की अहो ही नवी फॅशन नाही, दुसऱ्या महायुद्धात बीएसए या ब्रिटिश कंपनीने हजारोंनी पॅराट्रूपर सायकली केल्या, हाताने फिरवायच्या दोन विंग नटांवर मधून दुमडणाऱ्या, सैनिक विमानातून त्यासकट उडी मारायचे, आणि बघायची असेल तर लांब जायला नको, कर्वेनगरला विक्रम पेंडसेंच्या सायकल संग्रहालयात आहे. पोराला उडी मारण्याचा भाग फार आवडला. ते गरवारेला उतरायचे होते ते डेक्कनला उतरले.

रामवाडीला पुन्हा तेच, उलट्या क्रमाने, पण उतरणं सोपं म्हणून १८ मिनिटांतच झालं. आणि इथे ती गोष्ट घडली ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो, नाहीतर उशीर काय, पुण्यात कोणालाही होतो.

शेवटच्या सहांतला एकजण, घाईत. पहिले पाच केव्हाचे पुढे गेलेले, फोनवर "कुठे आहात" सुरू, पोहे थंड होतायत. त्याने सायकल उघडली, मधली कडी लावली, सीट वर घेतली, हँडलचा दांडा उभा केला आणि बसला. वीस इंची सायकलीत हँडलच्या दांड्याच्या बुडाला एक कडी असते, ती दाबून बंद करायची आणि तिच्यावर एक छोटा खटका असतो तो वर सरकला पाहिजे. दांडा नुसता उभा केला तरी तो उभा राहतो. तिथेच फसगत आहे, कारण बघायला सगळं ठीक दिसतं आणि सपाट रस्त्यावर ठीक चालतंही. स्टेशनपासून शंभर पावलांवर एक गतिरोधक आला, त्याने सवयीने हँडलवर जोर दिला आणि दांडा सरळ पुढे झोपला. माणूस त्याच्यावरून. वेग काहीच नव्हता, मागे गाडी नव्हती, गुडघा आणि तळहात खरचटण्यावर भागलं. नगर रोडला आणखी अर्धा तास उशिरा, ट्रॅफिकमध्ये हेच झालं असतं तर काय, हे आम्ही तिघंजण त्याला रस्त्याच्या कडेला बसवून पाणी देताना कोणीच बोललो नाही पण सगळे तोच विचार करत होतो. डॉक्टर पहिल्या टोळीत होते. फर्स्ट एडचं किटही त्यांच्याकडेच.

मी त्याची कडी बघितली. बोटाने आपोआप बंद होत होती, जोर लागत नव्हता. म्हणजे सैलच होती. ती बंद करताना तळहाताला थोडं दुखलं पाहिजे एवढी घट्ट हवी, आतला बोल्ट पाव आटा फिरवला की होते, दोन मिनिटांचं काम. त्याने सायकल आणल्यापासून, म्हणजे दीड वर्ष, कोणी केलं नव्हतं.

हे होतंय तोवर बँकवाल्या काकांचं मागचं चाक बसलं. पंक्चर. काकांची १६ इंची, आत गिअरचा हब, चाक काढायचं म्हणजे १५ चा पाना, चेनचा टेन्शनर, गिअरची तार, आणि काकांकडे हे सगळं होतं, व्यवस्थित कापडात गुंडाळलेलं, आणि ते फुटपाथवर मांडी घालून बसले. दहा मिनिटं झाली, नट हलेना. थोड्या अंतरावर एक पंक्चरवाले चाचा दुकान उघडत होते, ते आले, बघत उभे राहिले, म्हणाले चाक कशाला काढताय. सायकल घडी करून आडवी टाकली, पाट्याने टायरची एक कड उचलली, ट्यूब नुसती बाजूने ओढून बाहेर घेतली, चाक जागच्या जागी. मग घमेल्यातलं पाणी, बुडबुडे, कानशीने घासणं, सोल्युशन, फुंकर, ठिगळ, हातोडीचे दोन ठोके. "पोराची सायकल आहे का?" त्यांनी विचारलं. काका ६७ चे आहेत. हवा भरायला मात्र त्यांचा पंप चालेना कारण वॉल्व्ह मोटरसायकलचा, साध्या सायकलचा नाही, तर तेवढ्यापुरता काकांच्या कापडातला पंप उपयोगी आला. टायर फाटला असता तर मात्र बोंब होती, आपल्याकडची लहान मुलांची सोळा इंची सायकल आणि ही सोळा इंची यांच्या रिंगची मापं वेगळी, ३०५ आणि ३४९ मिलिमीटर, आकडा एकच लिहिलेला असतो आणि टायर एकमेकांचा बसत नाही. पडणं आणि पंक्चर धरून २५ मिनिटं.

९:४०. पोहे. पहिल्या टोळीने खाऊन झालेले, त्यांच्यातले दोघं घरी निघून गेलेले. पोह्यांच्या काकूंनी कपाळावर आठीही आणली नाही, उलट खरचटलेल्याला हळद लावली, पण मला बाजूला घेऊन म्हणाल्या की पुढच्या वेळी वेळ सांगू नकोस, निघाल्यावर फोन कर. आगाखान पॅलेसला कोणीच गेलं नाही. ऊन झालं होतं, परत प्रत्येकजण आपापला, बरेचसे रिक्षाच्या मागे घडी टाकून. ती सोय बाकी घडीमुळेच.

त्या रात्री ग्रुपवर जे झालं ते थोडक्यात सांगतो. एका बाजूचं म्हणणं की हळू लोकांमुळे उशीर झाला, राइडला वेगाची अट घाला. मला सुरुवातीला ते पटलंही होतं. मग मी फोटोंच्या वेळा मांडल्या तर दिसलं की वनाजला पहिला आणि शेवटचा पोचण्यात फरक होता सहा मिनिटांचा. सहा. वेगाचा काही संबंधच नव्हता. मी राइड आखताना साध्या सायकलीच्या राइडचाच साचा वापरला होता, किती किलोमीटर, सरासरी वेग किती, चहा कुठे, आणि मेट्रोच्या जागी मनातल्या मनात लिहिलं होतं "घडी, ५ मि." एका माणसाला पाच मिनिटं लागतात म्हणून १९ जणांनाही पाचच लागतील, असा हिशोब इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माणसाने केला होता. रस्त्यावर १९ सायकली शेजारी-पाठीमागे चालतात, लिफ्टमध्ये चार-चार जातात. ब्रॉम्प्टनवाल्यांची ती जागतिक शर्यत आहे ना, २००६ ला बार्सिलोनात सुरू झाली, कोट-टाय घालून पळवतात ती, तिच्यातही सुरुवातीला सायकली घडी घालून ठेवलेल्या असतात आणि स्पर्धक धावत जाऊन आधी उघडतात, म्हणजे उघडण्याचा वेळ शर्यतीतच धरलेला आहे. आम्ही तो कुठेच धरला नव्हता.

पाच आठवड्यांनी पुन्हा केली. तीच लाइन, तोच पोह्यांचा पत्ता (काकूंना विचारून). १६ जण आले. या वेळी एका ठिकाणी जमायचं नाहीच असं ठरवलं, चार-चारच्या चार टोळ्या, एक वनाजला, एक आनंदनगरला, एक आयडियल कॉलनीला, एक नळस्टॉपला, प्रत्येकाने घराजवळच्या स्टेशनला यायचं आणि सगळ्यांनी एकच गाडी पकडायची, शेवटचा डबा. एका लिफ्टवर चारच सायकली, एकच खेप. प्रत्येक टोळीत निदान एक ब्रॉम्प्टनवाला, म्हणजे ज्याचे हात लवकर मोकळे होतात तो दुसऱ्याला मदत करणार आणि फोटो काढणार नाही. ही कल्पना माझी नाही, कोथरूडच्या भाजीवाल्या काकूंची, त्या म्हणाल्या लग्नाची बस काय एकाच चौकात भरतात का, वाटेत घेत घेत जाते ना.

आदल्या रविवारी सोसायटीच्या आवारात घडीची तालीम. कोणाला नकोशीच होती, मोठ्या माणसांना हे शिकवायचं का वगैरे. तासाभरात चार सैल कड्या सापडल्या. आणि एक नियम निघाला जो मला सगळ्यात कामाचा वाटतो, उघडल्यावर आपली कडी आपण तपासायची नाही, शेजारच्याने तपासायची, हँडलचा दांडा धरून स्वतःकडे ओढायचा, मधल्या कडीवर अंगठा दाबायचा आणि मोठ्याने "लागली" म्हणायचं. स्वतःची तपासताना माणूस लागलेलीच बघतो.

यावर आक्षेप आला आणि तो अजून मिटलेला नाही. ठाण्याच्या मित्राने लिहिलं की मग यात ग्रुप राइड कुठे राहिली, चार जण एका स्टेशनला, चार दुसऱ्या, सकाळी रस्त्यावरून १९ फोल्डींची रांग निघाली तेव्हा बसमधले लोक वाकून बघत होते, ती मजा गेली. मी उत्तर दिलं नाही कारण मला ती रांग पण आठवत होती.

झालं असं. पावणेसातला सगळे आपापल्या स्टेशनवर. ७:०८ ला वनाजची टोळी गाडीत. आनंदनगरला दार उघडलं आणि चार गाठोडी आत आली, मग आयडियल कॉलनीला चार, प्रत्येक वेळी डब्यात आरडाओरडा, बाकीचे प्रवासी पण हसायला लागले, एकाने पुढच्या स्टेशनला "अजून आहेत का?" असं विचारलं. होते, पण नळस्टॉपला कोणीच नव्हतं. ते चौघं आधीची गाडी आली तर "आलीच आहे तर बसू" म्हणून बसून गेले होते आणि आम्हाला रामवाडीला खाली चहा पिताना भेटले, अत्यंत ताजेतवाने. एकच गाडी म्हणजे नक्की कोणती हे मी मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं. लिहायचं ठरलं.

उतरताना आठ कल्याणीनगरला, बाकीचे रामवाडीला, दहा मिनिटांत उघडून, "लागली, लागली" करून बाहेर. पोह्यांच्या आधी कोरेगाव पार्कच्या झाडांखालून एक फेरी मारली, पार्किंगमध्ये पोचलो ८:२५ ला. म्हणजे १०० मिनिटांत उभे राहिलो ३३, मेट्रोत ३५, सायकलवर ३२. लगेच कोणीतरी बोट ठेवलंच की चालवली तर मागच्यापेक्षाही कमी. खरंय. पण पोहे खाऊन साडेनऊला आम्ही सोळाच्या सोळा निघालो, मेट्रो न घेता, बंडगार्डनच्या पुलावरून, पुणे स्टेशन, संगम पूल, आणि जंगली महाराज रस्त्यावर सोळा लहान चाकांची सलग रांग. ठाण्याचा सगळ्यात पुढे होता.

न सुटलेलं एक आहे. त्या वीस इंची, १४ किलोवाल्या ताई दोन्ही वेळेला आल्या आणि दोन्ही वेळेला त्यांची सायकल दुसऱ्यानेच उचलली. त्यांनी हसत हसत सांगितलं की मला चालवायला आवडते, उचलायला नाही, मी पुढच्या वेळी थेट पोह्यांना येते. हलकी घ्या असं सांगणं सोपं आहे, हलकीची किंमत काय ते मेट्रोतल्या त्या बाबांनी सांगितलंच होतं. यावर अजून काही सुचलेलं नाही, चाक लावलेली पिशवी, लिफ्टपर्यंत उघडीच ढकलत नेणं, असं काय काय चाललंय.

आता राइडच्या मेसेजमध्ये किलोमीटरच्या आधी घड्या लिहितो. पुढचा मेसेज गेलाय तो असा: रविवार, कर्वेनगर, काकांचं पॅराट्रूपर बघायला, वेळ संग्रहालयाला विचारून कळवतो, घड्या शून्य, ताईंनी यायचंच. खाली काकांनी विचारलंय की शून्य घड्या असतील तर फोल्डी कशाला आणायची.